पखवाजाची थाप आणि साठ हजारांचा लॅपटॉप

प्रश्न : ताई, माझे वडील पखवाज वाजवतात. बार्शी तालुक्यातल्या सप्ताहांमध्ये कीर्तनांचं शूटिंग मी करते आणि यूट्यूबवर टाकते. एक कॅमेरा भाड्याने आणतो, दोन मोबाइल घरचे, आणि आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरमध्ये घेते. एडिटिंग एका ओळखीच्या स्टुडिओत, रात्री त्यांचं मशीन मोकळं असेल तेव्हा. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर शिकते आहे. आता स्वतःचा लॅपटॉप घ्यायचाय. भिशीचे साठ हजार हातात आहेत, बाबा म्हणतात पाच-सात हजार वर गेले तरी बघू. दुकानदार पातळ, हलका आय७ दाखवतो : ८ जीबी रॅम, ५१२ जीबी, बासष्ट हजार. मामेभाऊ म्हणतो गेमिंगचा घे. मैत्रीण म्हणते जुना मॅकबुक एअर एम१ घे. शिवाय एक त्रास आहे. दोन तासांच्या कीर्तनात शेवटी शेवटी आवाज आणि चित्र जुळत नाही. बाबांचा हात पखवाजावर पडतो आणि थाप नंतर ऐकू येते. स्टुडिओवाले म्हणतात मशीन हळू आहे. नवीन लॅपटॉपवर हे थांबेल का?

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आधी नीट कळलं नाही तर तू साठ हजार खर्चूनही तिथेच राहशील. नाही, नवीन लॅपटॉपवर हे थांबणार नाही. हा दोष मशीनचा नाहीच.

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेतो म्हणतो, पण दर सेकंदाला बरोब्बर ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की तो फ्रेमची संख्या कमी-जास्त करत राहतो. रात्रीच्या मांडवात तर हे हमखास होतं. पाच मिनिटांच्या रीलमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही, पण दोन तासांत हा फरक साठत जातो आणि पखवाजावर लगेच उघडा पडतो, कारण तिथे हात पडताना दिसतो. भाषणाच्या व्हिडिओत ओठ थोडे मागे-पुढे झाले तरी माणूस सोडून देतो. थाप चुकलेली मात्र, ताल न कळणाऱ्यालाही खुपते.

उपाय फुकट आहे. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. मोबाइलची फाइल त्यात टाकायची, व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं आणि बदललेली फाइल रिझॉल्व्हमध्ये घ्यायची. त्याहून चांगलं म्हणजे मूळ शूटिंगच नीट करणं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप तुमच्या मोबाइलवर चालत असेल तर त्यात फ्रेमरेट २५ आणि शटर १/५० असं पक्कं करून टाक, कॅमेराही २५ वरच ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने मांडवातल्या ट्यूब आणि हॅलोजनची लुकलुकही त्याने बरीच जाते. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेव. एवढं करूनही कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत एक नसतात, दोन तासांत चार-सहा फ्रेमचा फरक पडू शकतो. म्हणून आवाजाची अखंड पट्टी तशीच न ठेवता एखादा अभंग संपून टाळ थांबतात तिथे काप आणि पुढचा तुकडा पुन्हा जुळवून घे. चार-पाच ठिकाणी कापलंस की पुरतं.

आता लॅपटॉप. दुकानदार प्रोसेसरच्या नावाने सुरुवात करतो. तू तुझ्या फाइलींपासून कर. तुझ्या पत्रात सगळी माहिती आहे, फक्त हिशेब मांडायचा राहिलाय. भाड्याचा कॅमेरा फुल एचडीत सेकंदाला साधारण ५० मेगाबिटने रेकॉर्ड करतो असं धरू. म्हणजे तासाला साडेबावीस जीबी, दोन तासांच्या कीर्तनाला ४५ जीबी. मोबाइलची फुल एचडी फाइल, बचतीच्या फॉरमॅटमध्ये, मिनिटाला साठेक एमबी, म्हणजे दोन तासांना सात जीबीच्या आसपास. असे दोन मोबाइल. एका कीर्तनाचा कच्चा माल साठ जीबी. सात दिवसांची सात कीर्तनं आणि वर काल्याचं, म्हणजे एका सप्ताहाला पावणेपाचशे जीबी. दुकानदाराच्या लॅपटॉपातली ५१२ जीबी जागा विंडोज आणि रिझॉल्व्ह टाकून उरते किती, आणि त्यात तुझा एक सप्ताह तरी मावतो का, ते तूच बघ.

हा हिशेब एकदा समोर आला की तुझी गरज स्पष्ट होते. तुला फोर-के नको आहे, थ्रीडी नको आहे, सिनेमासारखे इफेक्ट नको आहेत. तुला तीन-चार पट्ट्या एकावेळी न अडखळता चालवणारं, दोन तासांचा व्हिडिओ सलग बाहेर काढताना न दमणारं आणि पुढे रॅम-स्टोरेज वाढवता येणारं मशीन हवंय. हे साठ-सत्तर हजारांत होतं. त्यासाठी पन्नास लोकांचं ऐकून लाखाच्या पुढे जायची अजिबात गरज नाही.

दुकानदाराचा आय७ घेऊ नकोस. पातळ, हलका आय७ म्हणजे बहुधा ज्याच्या नावाच्या शेवटी ‘यू’ आहे तो. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा. उदाहरणार्थ आय७-१२५५यू. कागदावर त्यात दहा कोअर, म्हणजे काम करणारे भाग, आहेत, पण त्यातले ताकदीचे दोनच, बाकीचे आठ छोटे, हलक्या कामाचे. याउलट आय५-१२४५०एच मध्ये एकूण आठच कोअर, पण चार ताकदीचे. शिवाय पहिला १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, दुसरा ४५ वॉटच्या. दुकानात दोन मिनिटं चालवून बघितलंस तर दोन्ही सारखेच चपळ वाटतील. फरक एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, बसल्यावर कळतो. पातळ लॅपटॉप पूर्वरंगात चढ्या पट्टीत सुरू करतो आणि उत्तररंग येईपर्यंत त्याचा आवाज बसलेला असतो. तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो, त्याला दुसरा इलाजच नसतो. तुझं काम सगळं उत्तररंगाचं आहे, दोन-दोन तासांचं. तेव्हा शेवटचं अक्षर ‘एच’, ‘एचएस’ किंवा ‘एचएक्स’ बघ, आय५ की आय७ हे नंतर.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या नावातही अशीच एक गोम आहे, ती सांगून ठेवते, कारण तुला तो लॅपटॉप ‘लेटेस्ट’ म्हणून दाखवला जाईल. रायझन ५ ७५२०यू. सात हजारांच्या मालिकेतला, म्हणजे नवा वाटतो. या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तो २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ सालची, आणि कोअर चार. रायझन ५ ७५३५एचएस मध्ये तिसरा आकडा ३, कोअर सहा, आणि शेवटी ‘एचएस’. दोन्हीवर ‘रायझन ५’ असंच ठळक लिहिलेलं असतं. एडिटिंगसाठी पहिला घेतलेला माणूस फसला, असं मी सरळ म्हणेन.

रॅम १६ जीबी. यात तडजोड नको. रिझॉल्व्हच्या फुल एचडी कामालाही १६ लागतेच, ८ जीबीवर ते उघडेल पण तू तीन अँगल लावलेस की रडेल. मात्र ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन वर ८ टाकायची सोय असेल तर तोही चालेल, आणि ती सोय आहे का हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नकोस. लॅपटॉप चालू करायला सांग, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ असं दिसतं. तिथे ‘२ पैकी १’ असेल तर एक जागा मोकळी आहे. पातळ लॅपटॉपांत बरेचदा रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते आणि स्लॉट नसतो, मग जन्मभर आहे तेवढीच. तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन कंपनीच्या साइटवर खात्री कर. आणि रॅमच्या दोन काड्या असलेल्या बऱ्या, एकच मोठी असण्यापेक्षा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या इंटेलच्या मशीनमध्ये तर एकच काडी असेल तर प्रोसेसरच्या आतलंच आयरिस एक्सई ग्राफिक्स विंडोजमध्ये नुसतं यूएचडी म्हणून दिसतं आणि वेगही तसाच पडतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, म्हणून ‘नंतर टाकू’ म्हणण्याआधी आजचा भाव विचारून घे. कधी कधी १६ जीबीचा तयार लॅपटॉपच स्वस्त पडतो.

मामेभावाचं म्हणणं बरोबर आहे. गेमिंगचा लॅपटॉप तुला गेमसाठी नको, त्यातल्या मोठ्या पंख्यांसाठी आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासाठी हवा. रिझॉल्व्ह हे इतर एडिटिंग सॉफ्टवेअरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर जास्त भार टाकतं. रंग सुधारताना, तीन अँगल एकत्र चालवताना ते कार्डाकडेच धावतं. फुल एचडीला एनव्हिडियाचं आरटीएक्स २०५० हे ४ जीबीचं कार्ड पुरतं. ३०५० मिळालं, त्यातही ६ जीबीचं, तर पुढे कधी फोर-केत शूट करायला लागलीस तरी अडणार नाही. लेनोवोची एलओक्यू, एचपीची व्हिक्टस, असूसची टफ, एसरची एस्पायर ७, एमएसआयची थिन या मालिकांमध्ये असे लॅपटॉप गेली काही वर्षं साठ-सत्तर हजारांच्या आसपास मिळत आले आहेत, सणासुदीच्या सेलमध्ये थोडे खालीही. मालिकेच्या नावावर जाऊ नकोस, एकाच नावाखाली दहा प्रकार असतात. एकाच नावाचं कार्डही एका लॅपटॉपात ४५ वॉटवर चालतं, दुसऱ्यात ७५ वर. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘टीजीपी’ म्हणून तो आकडा दिलेला असतो. जास्त असलेला घ्यावा.

या स्वस्त गेमिंग लॅपटॉपांचं एक दुखणं आहे ते म्हणजे स्क्रीन. त्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण दुकानात सगळे १४४ हर्ट्झचं कौतुक करतात आणि रंगांबद्दल कुणी अक्षर काढत नाही. १४४ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो, त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. स्क्रीन किती रंग दाखवतो ते एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत लिहितात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो स्क्रीन मोबाइलवर दिसतात त्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवू शकतो. भगव्या पताका त्यावर विटकरी दिसतात, बुवांचा फेटा मळका दिसतो. मग तू रंग वाढवतेस. लॅपटॉपवर छान दिसायला लागतं. तोच व्हिडिओ आजी मोबाइलवर बघते तेव्हा बुवांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल आणि पताका डोळ्यांत घुसणाऱ्या. ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेला स्क्रीन शोध. दोन लॅपटॉपांत दोन-तीन हजारांचा फरक असेल आणि महागात फक्त हा स्क्रीन जास्त असेल, तरी तो घे. नाहीच जमलं तर अपलोड करण्याआधी प्रत्येक व्हिडिओचा एक मिनिटाचा तुकडा दोन वेगवेगळ्या मोबाइलवर बघायची सवय लावून घे. रंगांचा शेवटचा निर्णय लॅपटॉपवर करायचा नाही.

मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही, फक्त तुझ्या कामाचा नाही. एम१ हा २०२०चा असला तरी मोबाइलच्या फाइली कापायला आजही भारी आहे, बॅटरी तर विचारूच नको. पण जुन्या बाजारात येणारे बहुतेक ८ जीबी आणि २५६ जीबीचे. त्यात ना रॅम वाढत, ना स्टोरेज. तुझा एका सप्ताहाचा निम्मा मालही त्यात बसत नाही. पोर्ट दोनच, तेही टाइप-सी, म्हणजे कार्ड रीडरसाठी हब आलाच. तू फक्त रील बनवत असतीस तर मीही तेच सांगितलं असतं. १६ जीबीचे नवे एअर तुझ्या बजेटच्या बरेच वर आहेत.

जुने ऑफिसचे लॅपटॉप, थिंकपॅड, लॅटिट्यूड वगैरे, मजबूत असतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून सगळीकडे रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. पण त्यात बहुधा ‘यू’ प्रोसेसर आणि स्वतंत्र कार्ड नाही. घेतलाच तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

आता स्टोरेज. आत ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची) चालेल, पण दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा एम.२ स्लॉट, म्हणजे ती बसवायची खाच, असलेलाच लॅपटॉप बघ. आज पैसे नसतील तर पुढच्या वर्षी १ टीबी टाकता येईल. काम चालू असलेलं कीर्तन आतल्या एसएसडीवर ठेव, झालेलं बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाक. बाहेरच्या फिरत्या हार्ड डिस्कवरून थेट कापायला बसू नकोस, तीन अँगल एकदम वाचताना तिची दमछाक होते. साठवायला मात्र तीच स्वस्त.

लॅपटॉप कुठलाही घे, प्रॉक्सी शिकून घे. रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये क्लिपांवर राइट क्लिक करून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ म्हटलं की तो प्रत्येक फाइलची हलकी नक्कल बनवतो. रात्री लावून झोप. सकाळी नकलेवर कापायचं, आणि एक्स्पोर्ट करताना तो आपोआप मूळ फाइल वापरतो, चित्र जराही खराब होत नाही. मोबाइलच्या एच.२६५, म्हणजे त्या बचतीच्या फॉरमॅटच्या, फाइली मशीनला उलगडायला अवघड असतात, त्या अडखळल्या की लोकांना वाटतं लॅपटॉप कमी पडला. प्रॉक्सीवर तोच लॅपटॉप लोण्यासारखा चालतो. तिन्ही अँगल आणि रेकॉर्डरचा आवाज जुळवायलाही हाताने बसू नकोस, मल्टिकॅम क्लिप (सगळे अँगल एकत्र बांधलेली क्लिप) बनवताना ‘साउंड’वर सिंक कर. सगळ्या मोबाइलमध्ये मांडवाचा आवाज येतोच, त्यावरून तो जुळवतो. मोफत रिझॉल्व्ह तुझ्या कामाला पूर्ण पुरतं, फोर-के यूएचडीपर्यंत व्हिडिओ बाहेर काढतं. अंधारातली किरकिर काढायचा नॉइज रिडक्शन मात्र पैशाच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. तो २९५ डॉलरचा खर्च आत्ता करू नकोस. त्याऐवजी मंडळाला सांगून बुवांच्या बाजूला एक एलईडी पॅनल जास्त लावून घे, किरकिर मुळातच कमी होईल.

पैशांचं असं कर. लॅपटॉप साठच्या आत बसव आणि बाबांनी कबूल केलेले वरचे पाच-सात हजार बाहेरच्या हार्ड डिस्कला ठेव. हातात भिशीचे रोख आहेत, तर ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या मागे जाऊ नकोस. त्यात प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी शेवटी आपल्याच खिशातून जातो, आणि रोखीवरची सूटही बरेचदा सोडावी लागते. वॉरंटी ऑनसाइट आहे का हे विचार, म्हणजे माणूस बार्शीला येणार की लॅपटॉप घेऊन तुला सोलापूर गाठावं लागणार. सप्ताह चालू असताना हा फरक मोठा असतो.

लॅपटॉप घरी आला की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत त्याची खरी परीक्षा घे. जुन्या एखाद्या कीर्तनाच्या तिन्ही फाइली टाक, दोन तासांचं संपूर्ण एक्स्पोर्ट लाव, चार्जर लावून, कडक टेबलावर. गादीवर ठेवलास तर हवा कोंडते. मध्येच बंद पडला, स्क्रीनवर रेघा आल्या, पंख्यातून घासल्यासारखा आवाज आला, तर त्याच दिवशी दुकान गाठ.

आणि लॅपटॉप मांडवात नेऊ नकोस. तिथे बुक्का उडतो, काल्याच्या दिवशी लाह्या-दही उडतं, जनरेटरची वीज वरखाली होते. बुक्क्याची पूड पंख्यात गेली की ती निघत नाही. मेमरी कार्डं घरी आणून कॉपी कर, एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करू नकोस. श्रावणातल्या सप्ताहांच्या निदान महिनाभर आधी खरेदी केलीस तर प्रॉक्सी आणि मल्टिकॅमवर हात बसायला वेळ मिळेल. बिलावर सीरियल नंबर लिहून घे, आणि दुकानदाराने वरून रॅम घातली तर तिची वॉरंटी वेगळी लिहून घे.